प्रकाशकाची आरती? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, पण तक्रार एवढीच: ‘हार्ट लॅम्प’ या अनुवादित कथासंग्रहाला इंटरनॅशनल बुकर मिळालं ते बानू मुश्ताक यांच्या लेखणीवर, आणि मी मात्र माझ्या लेखात, तो इंग्रजीत काढणाऱ्या शेफील्डच्या ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनाचीच आरती ओवाळली. हे प्रकाशन वाचकांकडून वर्गणी घेतं; त्या वर्गणीदारांची नावं पुस्तकात छापणं तुम्हाला ‘देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरल्यासारखं’ वाटलं.

पायरीचा टोला आवडला. फक्त फरक असा, की देऊळ आधी उभं असतं. इथे वर्गणी आधी येते. पुस्तक कसं निघेल याचा पत्ता नसताना लोक पैसे भरतात, आणि त्या भरवशावर छपाई होते. माझ्या प्रतीत शेवटी बारीक टायपात नावंच नावं आहेत. एकही ओळखीचं नाही, तरी मी ती सगळी वाचली. (घरचे हसले.)

आता हिशोब बघा. कन्नड लेखिका, त्यातून कथासंग्रह. ‘कथा विकल्या जात नाहीत’ हे वाक्य आपण किती प्रकाशकांकडून ऐकलंय? १९९० ते २०२३ या काळातल्या १२ कथा या प्रकाशनाने काढल्या, तेव्हा कुठल्याही कथासंग्रहाला हे बुकर मिळालेलं नव्हतं. २० मे २०२५ला पुरस्कार जाहीर झाल्यावर टाळ्या वाजवायला सगळेच आले. मला लिहायचं होतं ते त्याआधीच्या दिवसांबद्दल.

आणि वर्गणी ही काही साहेबाची शक्कल नव्हे. केतकरांचा ज्ञानकोश कसा उभा राहिला? कंपनी काढून, भाग विकून, वर्गणीदार गोळा करून. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीची कुपनं आजही निघतात. तेव्हा आपण त्याला भीक म्हणत नाही.

२०१८ साली ‘अँड अदर स्टोरीज’ने फक्त स्त्रियांची पुस्तकं काढली, ती तुमच्या मते जाहिरातबाजी. असेलही थोडी. कादंबरीकार कमिला शम्सी यांनी २०१५मध्ये हे आव्हान सगळ्याच प्रकाशकांना दिलं होतं. अख्ख्या वर्षाची यादी त्यावर लावणारे हेच निघाले. अशी जाहिरात मला चालते.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. अनुवादक दीपा भास्ती यांना मी अर्ध्या वाक्यात उरकलं. पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात; माझ्या लेखात ती वाटणी झाली नाही. कन्नड-उर्दू शब्द तिरप्या टायपात घालायचे नाहीत, तळटीपाही द्यायच्या नाहीत, असं भास्तींनी ठरवलं. त्यामुळे ‘मुतवल्ली’ (मशिदीचा किंवा वक्फचा कारभारी) हा शब्द इंग्रजी वाक्यात निवांत मांडी घालून बसतो. इंग्रज वाचक अडखळत असेल. मला तर तो ओळखीचाच निघाला. हे मूळ लेखात यायला हवं होतं. आज भर घातली आहे.

तुम्ही अक्कलकोटचे, कन्नड घरात बोलता, असं लिहिलंय. मग एक काम करा. या कथा मुळातून वाचा आणि अनुवाद कुठे घसरलाय ते मला कळवा. मला ती लिपीही लागत नाही.