सर, मेणबत्तीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे

सर, नमस्कार.

‘करवंटीतली प्रयोगशाळा’ या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया येऊन आज बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो रागामुळे नाही. (पहिल्या दिवशी आला होता थोडा, खोटं कशाला बोलू.) ज्या प्रयोगावर तुम्ही बोट ठेवलंत तो पुन्हा करून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. द्विशिक्षकी शाळेत ‘उद्या करू’ म्हटलेल्या गोष्टीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ज्यांनी सरांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मेणबत्तीच्या प्रयोगाचा मी लिहिलेला अर्थ साफ चुकीचा आहे. शिवाय करवंट्या-झाकणांचं कौतुक करून मी गरिबीलाच अध्यापनपद्धती म्हणतेय, आणि अशी मुलं आठवीत येतात तेव्हा त्यांना चंचुपात्र (बीकर) आणि मोजपात्र यांतला फरकही कळत नाही. आणि शेवटचा टोला: “ज्या विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, त्याच्या शेजारच्या गावात पोरं करवंटीने पाणी मोजतायत.”

आधी मेणबत्ती. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेची बरणी पालथी घातली की थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी बरणीत वर चढतं. मी लेखात लिहिलं होतं, की ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढतं. मला हे असंच शिकवलं होतं, मी डी.एड.च्या पाठात असंच घेतलं होतं आणि गेली चौदा वर्षं असंच सांगत आले. तुम्ही विचारलंत, “पाणी केव्हा चढतं ते कधी बघितलंत का?”

नव्हतं बघितलं. म्हणजे डोळ्यांसमोर होत होतं, पण माझं लक्ष ज्योतीकडे.

मग गेल्या मंगळवारी चौथी-पाचवीची अकरा मुलं गोल बसवली. पंख्याचं बटण बंद. बरणीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. केस मोकळे होते त्यांनी बांधले, कडेला किनाऱ्यावरच्या वाळूची बादली. आणि या वेळी काम वाटून दिलं: तिघांनी फक्त ज्योत बघायची, चौघांनी फक्त पाणी, बाकीच्यांनी बरणीची कड. प्रयोगाआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा आणि नंतर तो खोडायचा नाही, हा आमच्या वर्गाचा जुना नियम.

कडेवाल्यांनी पहिली बातमी दिली. बरणी ठेवताक्षणी कडेखालून बुडबुडे बाहेर आले. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ज्योत बारीक होत गेली तरी पाणी जवळजवळ जागच्या जागी. ज्योत विझली, धुराची रेघ उठली आणि मग पाणी सरसर वर. “बाईनू, वात विझल्यार पाणी धावला!” ऑक्सिजन संपत जाईल तसं पाणी चढत असतं, तर ते ज्योत जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. चौथीतल्या मुलीने दोन मिनिटांत ते पकडलं, मला चौदा वर्षं लागली.

पुढे तुम्ही सुचवल्याप्रमाणे दोन मेणबत्त्या, मग तीन. बरणी तीच. एका मेणबत्तीला पाणी दीड सेंटिमीटर चढलं, दोनला अडीच, तीनला चारला टेकलं. बरणी तीच म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी जास्त का? इथे वर्ग बराच वेळ गप्प होता. मी तोंड उघडलं नाही (हे फार कठीण असतं, सर, तुम्हालाही माहीत असेल). शेवटी एकाला आदल्या आठवड्याची बाटली आठवली. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला गरम पाण्याने शेकलं होतं, बूच घट्ट लावलं आणि विहिरीच्या गार पाण्यात धरलं, तेव्हा बाटली आपोआप चेपली होती. तीन ज्योतींनी हवा जास्त तापली, फुगली, बुडबुडे होऊन बाहेर गेली, उरलेली निवल्यावर आक्रसली, म्हणून पाणी जास्त. ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो खर्च झाला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो, हे मी सांगितलं. ते सांगावंच लागलं, दिसत नाही.

मूळ लेखातला तो परिच्छेद मी खोडून ठेवला आहे, पुसलेला नाही. वर तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे.

पण मग हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा असतो हे दाखवायचं कसं? यातही तुमचाच सल्ला मानला. खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडून मूठभर लोखंडाचा कीस आणला. तेलकट होता, साबणाने धुतला. परीक्षानळी आतून ओली करून कीस शिंपडला, तो भिंतींना चिकटला. नळी पाण्याच्या वाटीत पालथी उभी केली आणि पाण्याच्या पातळीशी खूण केली. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं, त्याच्या जागी दुसरा वायू सोडत नाही, म्हणून पाणी तेवढंच चढतं. आणि आमच्याकडे गंज चढवायला कुणाला शिकवावं लागत नाही, शाळेच्या गेटच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलतो. हा प्रयोग करवंटीत होणार नाही, कबूल. नळी वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची असते म्हणून ‘एक पंचमांश उंची’ या बोलण्याला अर्थ येतो. ते मुलांना सांगताना मला तुमचा दुसरा मुद्दा आतून पटला.

मात्र अर्धाच. करवंटीबद्दल मला थोडं भांडायचं आहे.

करवंटीने आम्ही पाणी मोजलं ते मोजपात्र नाही म्हणून नाही. शाळेला आलेल्या विज्ञान पेटीत काचेचं १०० मिलीचं मोजपात्र होतं, कपाटात होतं, किल्ली माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी चार गटांना चार करवंट्या दिल्या आणि एकाच मापाच्या चार बादल्या. बादलीत किती करवंट्या पाणी? एका गटाच्या एकोणीस झाल्या, एकाच्या सव्वीस. मग जी भांडणं लागली! “तुमची करटी ल्हान, म्हणान तुमची जास्त झाली.” एक गट करवंटी काठोकाठ भरत होता, एक सांडू नये म्हणून कमी. अर्ध्या तासाने मुलं स्वतःच म्हणाली की सगळ्यांना एकच करटी हवी, आणि तिच्यावर रेघ हवी. तेव्हा मी कपाट उघडलं. मोजपात्र बघून त्यांचे डोळे असे झाले, की जणू मी ते आत्ताच शोधून काढलंय. पहिल्याच दिवशी ते हातात दिलं असतं तर ‘फोडू नका’ एवढंच बोलणं झालं असतं.

आणि मोजपात्र हातात आलं म्हणून मोजता येत नाही, हेही तुम्ही जाणता. आमचा एक लंबूटांग उभ्यानेच वाकून वाचतो: ५२. त्याच्या समोरची चिमुरडी बाकाच्या खालून मान वर करून वाचते: ४९. पाणी तेच. मग डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, पाण्याची कड काचेला धरून वर चढलेली असते ती सोडून मधला खोलगट तळ वाचायचा. आता ही मुलं गुडघ्यावर बसूनच वाचतात, नमाजाला बसावं तशी शांत. चंचुपात्रावरच्या रेघा अंदाजाच्या असतात, पाच टक्के इकडेतिकडे, ते ओतायला आणि ढवळायला, मोजायला नाही. हा फरक त्यांनी एकातून दुसऱ्यात पाणी ओतून शोधला. ही मुलं आठवीत तुमच्यासारख्या कुणाकडे जातील तेव्हा हा एक प्रश्न त्यांना विचारा.

चूक माझी झाली ती दुसरीकडे. लेखात मी फक्त करवंटीचं लिहिलं, मोजपात्राचं लिहिलंच नाही. करवंटीचे फोटो छान येतात ना! तुम्ही ‘गरिबीचं कौतुक’ म्हणालात ते या जागी लागू पडतं.

कोकमाच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही म्हणता, आम्ल ओळखायला लिटमस असताना कोकम कशाला. पेटीतल्या लिटमसच्या पुस्तिकेला दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी आली, ती गोष्ट सोडा. लिटमस तरी कुठून येतो? लायकेनपासून, म्हणजे गरम मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाईबंदांकडून. मग आमच्या परसातल्या कोकमाने काय घोडं मारलं आहे? कोकमाचं पाणी आधीच आंबट, म्हणून लालभडक. खायचा सोडा चिमूटचिमूट टाकत गेलं की फसफसतं, जांभळट होतं, आणि चुन्याची निवळी घातली की हिरवट व्हायला लागतं. शर्टावरचा कोकमाचा डाग साबण लावल्यावर विचित्र रंगाचा का होतो, हे एका मुलाने आईला घरी जाऊन समजावलं. “आयेन माका चाय दिल्यान,” म्हणाला. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी याहून चांगलं चालतं, आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवं. हळद मात्र अर्धीच कामाची. साबणाने, चुन्याने लाल होते (कुंकू तसंच करत होते), पण लिंबू आणि साधं पाणी तिला सारखंच. लिंबू पिळूनही हळद पिवळीच राहिली तेव्हा मुलांनी प्रयोग ‘फसला’ असं लिहिलं. फसला नव्हता, हळदीला आम्ल कळत नाही एवढंच कळलं होतं. चुन्याला मात्र मुलांचे हात लागत नाहीत, निवळी मीच ओतते. चुना डोळ्यात गेला तर काय होतं ते मी एका लग्नघरात पाहिलं आहे.

सुरक्षिततेचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, त्यावर माझीच एक गोष्ट सांगते. आधीच्या शाळेत तापमापी नव्हती म्हणून मी घरची तापाची तापमापी आणली होती, पाऱ्याची. ती ३५ ते ४२ अंशांपुरती असते. मुलाने ती कोमट पाण्याच्या पातेल्याऐवजी शेजारच्या उकळत्यात बुडवली. टक् आवाज आला. पाऱ्याचे थेंब फरशीवर पळायला लागले, मुलं त्यांच्या मागे, आणि मीही आधी हसले. तो पारा किती वाईट ते मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. आता वर्गात लाल स्पिरिटची तापमापी आहे. जानेवारीत सकाळी खोबरेल थिजलं होतं तेव्हा ती बाटलीत सोडून बाटली उन्हात ठेवली. तेल पातळ होत असताना लाल रेघ २४-२५च्या आसपास बराच वेळ रेंगाळली. इथे करवंटी काय करणार? जिथे मोजायचं ते दिसत नाही तिथे साधन लागतंच, यावर आपलं एकमत आहे.

राहता राहिला हेलियम. सर, इथे मीच तुम्हाला धरते. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण खरं, आमच्या किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टेही (ग्रहण बघायला दुर्बिणी ठेवल्या असं सांगतात ते ओटे) खरे. पण ज्यांच्या नावावर हा शोध सांगतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हते, ते इंग्लंडात होते. ग्रहणाच्या वेळी सूर्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग, तपासणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते गुंटूरला. लॉकियरना वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ नीट दिसली २० ऑक्टोबरला, इंग्लंडातून, ग्रहण नसताना. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या प्रयोगशाळेत. मीही दर १८ ऑगस्टला परिपाठात विजयदुर्गाचीच गोष्ट सांगत होते, अगदी मेणबत्तीसारखी. या वर्षी वेगळी सांगणार आहे, गावात थोडी नाराजी होईल.

परीक्षानळीत पाणी आज सकाळी २.२ सेंटिमीटरवर होतं. नळी १५ सेंटिमीटरची आहे, म्हणजे तीनच्या थोडं वर जाऊन थांबायला हवं. अकरापैकी सात जणांचा अंदाज आहे की ते थांबणार नाही, नळी भरेपर्यंत चढेल. मी काही बोललेले नाही.

तुम्ही एकदा शाळेत या. रस्त्याने वळसा पडतो, तरीने, म्हणजे खाडीतल्या होडीने, या. पौर्णिमेचा दिवस धरा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्या सुमारास खाडी तुडुंब असते आणि तर थेट शाळेच्या पायऱ्यांना लागते. मुलांनी धक्क्यावर खुणांचा बांबू रोवून हा पाऊणपटीचा हिशोब महिनाभर ताडून पाहिला आहे, कुठल्या दिवशी किती मिनिटं चुकला त्याची वही दाखवतील. परत मात्र तीनच्या आत निघा. उधाणाची ओहोटीही तेवढीच खोल जाते, पाच वाजता गुडघाभर चिखल असतो आणि तर मधेच रुतते.