हेडबाईंच्या राज्यात नवीन पोट्टे

कोंबडीची पिल्लं वाढवणं काही कठीण नाही हो, कठीण असतात त्या आधीच्या कोंबड्या. हे मी मानेवाड्याच्या आमच्या घरामागच्या अंगणात बसून, पोटरीवर चोचीच्या खुणा मिरवत लिहून राहिलो.

पिल्लं आणली एप्रिलात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करत जायचं. त्यासाठी लोक बल्ब लावतात, थर्मामीटर टांगतात. आपल्या नागपुरात एप्रिलच्या दुपारी नुसता कुलर बंद केला की झालं. पण कुलर बंद करा हे घरात कोणत्या तोंडानं सांगायचं? अंगणात मांजर म्हणून खोका हॉलमध्ये, कुलर हॉलमध्ये, आणि कुलरसमोर आई. झोत लागला की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून गठ्ठा करत, म्हणजे थंडी वाजून राहिली, अन् बंद केला की पंख फाकवून चोची उघड्या टाकत, म्हणजे गरमी होऊन राहिली. आई म्हणे, "मानसं भाजून राहिली न याचे पोट्टे गारठून राहिले!" शेवटी खोका मागच्या खोलीत गेला, आणि खोक्याबरोबर मीही.

मग राणीखेतची, म्हणजे कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाच्या या लशीचा एक थेंब डोळ्यात टाकायचा, लस बर्फातच आणायची, मिसळली की लगेच वापरून संपवायची. आणि मला मिळाली ती शंभर डोसची बाटली, मूठभर पिल्लांसाठी! पिल्लू मुठीत धरलं की त्याची धडधड आपल्या बोटांत येते. थेंब डोळ्यावर पडतो, तिथेच गोल चमकत राहतो, आणि पिल्लू डोळा मिटायलाच तयार नसते. ते मिटेपर्यंत आपणही श्वास धरून बसायचं, कारण थेंब आत जायच्या आधी सोडलं तर ते मान झटकून लस आपल्या चष्म्यावर देते. उरलेल्या लशीकडे बघून आईचा जीव कळवळला, "शेजारी कोनाले पाहिजे असन त इचार न बापा." शेजारी कोणाकडे कोंबड्या नाहीत, फक्त तक्रारी आहेत.

इथपर्यंत तरी सगळं सोपं होतं.

जूनमध्ये पाऊस आला तोवर पिल्लांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरण्या कोंबड्या झाल्या होत्या. म्हटलं आता अंगणात सोडू. पण अंगणात हेडबाई. म्हणजे आमची सगळ्यात जुनी कोंबडी, तुरा एका डोळ्यावर पडलेला, त्यामुळे मान तिरपी करून बघते आणि समोरच्याला गृहपाठ न केल्यासारखं वाटते. नॉर्वेच्या शेल्डरप-एबे नावाच्या माणसानं १९२२ मध्येच लिहून ठेवलं की कोंबड्यांत कोणी कोणाला चोच मारायची याची उतरंड ठरलेली असते. त्या उतरंडीत मी कुठे बसतो हे हेडबाईंनी मला पोटरीवर समजावून सांगितलं आहे.

म्हणून मधे जाळी लावली, दिसू दे पण भेटू नको असा काही दिवसांचा कार्यक्रम. मोठ्यांचं लेयर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, पिल्लांना चालत नाही, त्यात कॅल्शियम जास्त, किडन्या बिघडतात. मग सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, आणि अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. हेडबाई ग्रोअरकडे बघतसुद्धा नव्हत्या, पण जाळीपलीकडच्या पिल्लांच्या भांड्यातही ग्रोअरच आहे हे दिसल्यावर तेच भांडं पाहिजे म्हणून जाळीवर धडका.

मग सगळे सांगतात तो रात्रीचा उपाय. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, झोपेत नव्या तलंगा शेजारी दांडीवर नेऊन ठेवायच्या, सकाळी त्यांना वाटते ह्या इथल्याच. कोणाला वाटते? हेडबाईंनी उजाडल्या उजाडल्या हजेरी घेतली आणि खुराड्यातून पळापळ. कामी आलं ते एक प्लास्टिकचं क्रेट. पालथं घालून बाजूला एवढंच भोक पाडलं की तलंग आत जाईल, हेडबाई नाही. दाणापाणी दोन ठिकाणी. दोनचार आठवड्यांनी मारामारी कमी झाली, म्हणजे आता फक्त जेवताना.

आणि मग त्यातली एक तलंग आरवली.

विकणारा भाऊ म्हणाला होता, "साऱ्या माद्याच हायेत, बिनधास्त न्या." ही मादी पहाटे चारला आरवते. शेजारच्या काकू हल्ली बोलत नाहीत, फक्त चार वाजता खिडकी आपटतात. साळ्याचा मात्र रोज फोन. पोळा जवळ आला ना, श्रावण संपला की दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे मटण-कोंबडीचा दिवस. "भाऊजी, कोंबडा कसा हाय? किलो-दीड किलो भरत असन?" माझी तब्येत त्यानं आजवर विचारली नाही. त्याला सांगितलं, पोरीनं त्याचं नाव गोट्या ठेवलंय, नाव ठेवलेला कोंबडा आता कापता येत नाही.

तो थोडा विचार करून म्हणाला, "मंग नाव बदलून टाका न भाऊजी."