कड काळी, बाकी कोरं

लेक अकरावीला गेली आणि मी उत्साहाच्या भरात बोलून बसलो, "केमिस्ट्रीचं पुस्तक मी आणतो, तू काळजी करू नकोस." तशी ती करतही नव्हती.

माझा समज असा की पुस्तक म्हणजे एक. आमच्या वेळी बोर्डाचं एक, गाईड एक आणि मामाच्या मुलाच्या फाटक्या नोट्स, संपला विषय. फॅमिली ग्रुपवर सहज विचारलं तर कळलं की फिजिकलचं वेगळं, ऑरगॅनिकचं वेगळं, इनऑरगॅनिकचं तिसरंच, वर एमसीक्यूचं, त्याच्यावर जुन्या पेपरांचं. नाशिकचा भाचा (जो कॉमर्सला आहे) म्हणाला, मामा, एनसीईआरटी (म्हणजे केंद्राचं पाठ्यपुस्तक) ओळन् ओळ, बास. त्याच्याखाली मेव्हण्याने टाकलं, नुसत्या एनसीईआरटीने काहीही होत नाही. दोघांनाही सारखेच अंगठे आले, त्यातला एक दोन्हीकडे आमच्या हिचा.

मग गेलो पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात. जूनमधला शनिवार, वरून पाऊस, काउंटरला पालकांच्या तीन रांगा आणि सगळे एकाच वेळी ओरडतायत. मीही ओरडलो, केमिस्ट्री! पोऱ्याने मान खाली ठेवूनच विचारलं, "नीट, सीईटी का जेईई?" म्हटलं तिन्ही. तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. "काका, पिशवी आणलीये ना?"

म्हणजे भानगड अशी आहे की नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, केमिस्ट्रीचे 45 प्रश्न, चुकलं की एक मार्क कापतात, म्हणून जपून जपून वाचा. आणि राज्याच्या सीईटीला 50, तिथे मार्क कापत नाहीत पण फिजिक्स धरून 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणून धाडधाड सोडवा. एकाच पोरीने एकाच विषयात जपूनही वागायचं आणि बेफिकीरही.

नव्यांच्या किमती बघून मी गुपचूप सेकंडहँडवाल्याकडे सरकलो. त्याच्याकडे एक गोष्ट शिकलो, जाडजूड पुस्तक मिटून पानांची कड बघायची. सुरुवातीचा अर्धा सेंटिमीटर बोटांनी काळाकुट्ट, पुढे सगळं पांढरंशुभ्र. चार पुस्तकं उचलली, चारही तशीच. आत उघडून बघितलं तर पहिल्या धड्यातल्या मोल कन्सेप्टवर (मोल म्हणजे पदार्थ मोजायचं केमिस्ट्रीतलं माप) पिवळा हायलायटर एवढा फासलेला की न रंगवलेली ओळ शोधावी लागेल, आणि ॲटॉमिक स्ट्रक्चरच्या तिसऱ्या पानावर एक बसचं तिकीट. त्यापुढे मनुष्यवस्ती नाही.

तरी तीन घेतली. घरी लेकीने अनुक्रमणिका बघितली, "बाबा, ही जुनी आहेत." एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात पूर्वी 16 धडे होते, छाटणी करून 10 ठेवलेत. म्हटलं बरं झालं, छाटलेला सॉलिड स्टेटचा धडा फाडून टाकू. तर म्हणे फाडू नका, नीटला नाहीये पण आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा तो आहे, सीईटीला लागेल. मग पी-ब्लॉक? तो एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून गेला पण नीटच्या सिलॅबसमध्ये आहे. मी हातातली पट्टी खाली ठेवली.

तरी बाप म्हणून एक जबाबदारी असतेच, कुठलं पुस्तक चांगलं ते ठरवायला मी रोज रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकाचा पहिला धडा वाचायला घेतला. तोच धडा तीन लेखकांचा, त्यामुळे माझा मोल कन्सेप्ट आता असा पक्का झालाय की विचारू नका. परवा हिने किलोभर साखर आणायला सांगितली तर मी म्हटलं, म्हणजे साधारण 2.92 मोल. ती काही बोलली नाही, स्वतःच जाऊन साखर घेऊन आली.

लेक तिकडे एनसीईआरटी, बोर्डाचं पुस्तक आणि जुने पेपर एवढ्यावरच बसली होती. दिवाळीच्या सफाईत तिन्ही ठोकळे दारात आले, "बाबा, विकून टाका ना, पलंगाखाली झाडू जात नाही."

परत त्याच सेकंडहँडवाल्याकडे. त्याने पुस्तक मिटलं, कड उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"पोरगी इथपर्यंतच आली का?"

"नाही," म्हटलं, "तो मी."