मान, मालिश, मेडिक्लेम आणि मालिका

मान अवघडणे हा आजार नाही, ती फजिती आहे. ताप आला की लोक पेज करून देतात, पाय मोडला की प्लास्टरवर सह्या करायला येतात, मान अवघडली की आधी हसतात आणि मग विचारतात, "झोपतोस तरी कसा रे तू?" आता झोपेत मी कसा झोपतो हे मला कसं माहीत असणार.

तर माझी मान डावीकडे वळली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलं की टीव्ही येतो उजवीकडे, आणि डावीकडे येते खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींचा हॉल, त्यामुळे अख्खी संध्याकाळ मी त्या आजींकडे टक लावून बघत बसलोय असं दृश्य तयार झालं आणि शेवटी त्यांनी फाडकन पडदा ओढला. मग राहिलं काय, तर टीव्ही ऐकणे.

आणि खरं सांगतो, मराठी मालिका बघायची काही गरजच नसते. सगळं कानाला कळतं. ढोल वाजले म्हणजे खलनायिका आली, बासरी वाजली म्हणजे नायिका तुळशीला पाणी घालतेय, आणि कोणी काही लपवत असेल तर तो स्वतःच मोठ्याने मनातलं बोलून दाखवतो. फक्त एक आवाज मला छळत होता, तो 'सूं... सूं... सूं'. म्हणजे घरातल्या प्रत्येकाने गर्रकन मान वळवून बघितलं, आणि तेच तीन-तीनदा दाखवलं. आठवड्याचे सहा दिवस ही माणसं मानेला असले झटके देतात, वर किलोभर दागिने असतात, आणि एकाचीही मान अवघडत नाही! आई म्हणाली, "मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ७२ साली, २ ऑक्टोबरला, आमच्या चाळीत एकच टीव्ही, खिडकीच्या गजातून माना घालून आम्ही रविवारचा अख्खा सिनेमा बघायचो, नाही अवघडल्या कोणाच्या माना." आमच्या घरात कुठल्याही दुखण्याचा शेवट चाळीपाशी होतो.

मग मी ग्रुपवर टाकलं. हा आमचा ग्रुप म्हणजे एका मालिकेला नेटवर रोज रात्री शिव्या घालता घालता जमलेली मंडळी, मालिका केव्हाच संपली, शिव्यांची सवय राहिली म्हणून ग्रुपही राहिला. निम्म्यांना मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही. सांगलीच्या दादांच्या डीपीला त्यांची म्हैस आहे, दुबईच्या मंजूताईच्या डीपीला सूर्यास्त, नाशिकच्या पक्याचा डीपी कोराच, आणि जोशीकाका विमा एजंट असल्याने त्यांच्या डीपीला ते स्वतः आहेत, टायसकट. "मान अवघडली आहे, कोणी चांगला मालिशवाला माहीत आहे का" एवढंच लिहिलं मी. चहा गाळून येईपर्यंत तिथे वैद्यकीय परिषद भरली होती.

दादा म्हणाले, "भावा, तालमीत ये, वस्ताद एका हिसक्यात मोकळी करतोय बघ." मंजूताई म्हणाली तिच्याकडे हमाममध्ये काळा साबण लावून असं रगडतात की आपलंच कातडं आपल्याला नवीन वाटतं. पक्याच्या आजीचा निरोप आला, उशी उन्हात टाक. (टाकली. उशी छान गरम झाली. मान होती तिथेच.) आणि सासूबाईंनी परस्पर एक पायाळू माणूस शोधून काढला, म्हणजे जन्मताना जो आधी पायाने आला तो, त्याने पाय लावला की चमक उतरते म्हणतात. हे पायाळू गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले निघाले, बूट-मोजे काढून आमच्या हॉलमध्ये एका पायावर उभे राहिले तेव्हा त्यांचाच तोल गेला, आणि त्यांना धरायला मी वळलो ते संपूर्ण अंगासकट, पुतळा फिरवतात तसा.

कटिंगवाल्याकडे जाऊन कडाकड मान मोडून घे असाही सल्ला आला, त्याला मात्र मी हात जोडले. हा प्रकार हसण्यावारी न्यायचा नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक येऊ शकतो. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनवर मान मागे ताणली गेल्याने स्ट्रोक आलेल्या बायकांच्या केसेस एका अमेरिकन डॉक्टरने १९९३ साली लिहून ठेवल्यात, तिथे तर कोणी झटकाही दिला नव्हता. हे ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाले, "वस्ताद काय अमेरिकेचा न्हाई."

शेवटी डॉक्टरांना विचारून पंचकर्मवाल्यांकडे गेलो. तिथे आधी एक कागदी लंगोट देतात. त्याला नाडी असते आणि तेवढीच काय ती मजबूत असते. मग लाकडी द्रोणीवर पालथं झोपवलं आणि केरळहून आलेल्या एका धिप्पाड माणसाने तेल चोळायला सुरुवात केली. "प्रेशर ठीक आहे का सर?" आता या प्रश्नाला मराठी माणूस 'नाही' म्हणूच शकत नाही, खानावळीत खारट आमटीलाही आपण छान म्हणतो, इथे तर मी अर्धनग्न. "हो हो, मस्त," असं मी द्रोणीच्या फळीला सांगितलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

मग ग्रीवाबस्ती. यात उडदाचं पीठ घट्ट भिजवून त्याचं कडं करतात, ते मानेवर चिकटवतात आणि मधल्या खळग्यात कोमट तेल ओततात. गार झालं की ते काढून परत कोमट. उडीदच, भोकही मधोमध, वर तेल, म्हणजे अर्धा तास मी मानेवर मेदूवडा घेऊन पडलो होतो. तेल जरा गरमच असतं आणि हलायचं नसतं, कारण कडं फुटलं तर तेल थेट कानात. तो गृहस्थ स्टुलावर बसून मोबाईलवर त्याची मल्याळम मालिका बघायला लागला. मला मल्याळमचं अक्षर कळत नाही, पण ढोल वाजले आणि मी ओळखलं, आली. मग 'सूं सूं सूं'. मी फळीला तोंड लावून विचारलं, "सासू?" तो म्हणाला, "नाही सर, जाऊ." फार काही चुकलो नव्हतो.

बिल बघून मात्र मान परत आखडेल असं वाटलं आणि मी ग्रुपवर विचारलं, हे मेडिक्लेममध्ये बसतं का हो? इथे जोशीकाकांचा दिवस उजाडला. एरवी ते रोज सकाळी सुविचाराखाली "२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य, आधी १८ टक्के होता" असं टाकतात आणि कोणी अंगठाही देत नाही. काका म्हणाले, आयुर्वेद चालतो, २०२४ पासून तर विमा कंपन्यांनी त्याला ॲलोपॅथीच्या बरोबरीने वागवायचं आहे, पण रीतसर आयुष हॉस्पिटल (म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचं) हवं आणि साधारणपणे किमान २४ तास ॲडमिट हवं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालिकेतला डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येतो, चष्मा काढतो आणि म्हणतो "पुढचे २४ तास महत्त्वाचे आहेत", ते तो तब्येतीबद्दल बोलतच नसतो, क्लेमबद्दल बोलत असतो! आणि त्या हॉस्पिटलात डिपॉझिट मागत नाहीत, आधार कार्ड मागत नाहीत, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्यांच्या, काउंटरवर रांग नाही, सगळं खानदान भरजरी साड्यांत आयसीयूच्या दारात उभं, आणि एकाच्याही हातात फाईल नाही.

पक्या म्हणाला, मग हो ना एक दिवस ॲडमिट, तेवढाच आराम. त्यावर काकांनी पॉलिसीच्या मागच्या पानांचे फोटो पाठवले. ती पानं मी पहिल्यांदाच वाचली आणि आमच्या ग्रुपवर इतकी वर्षं जे जे चाललंय ते सगळं तिथे एका ठिकाणी छापलेलं आढळलं. काय काय मिळणार नाही त्याला नंबर दिलेत, २०१९ मध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना सारखे करून दिलेले. पाच नंबर, नुसत्या सक्तीच्या विश्रांतीसाठी ॲडमिट झालात तर नाही. तेरा नंबर, स्पा, निसर्गोपचार केंद्र वगैरे नाही, आणि पुढे, घरगुती कारणांसाठी केलेली भरतीही नाही. म्हणजे कोणीतरी घरच्यांना कंटाळून हॉस्पिटलात जाऊन पडलं असणार आणि वर बिलही पाठवलं असणार. मंजूताईने यावर बराच वेळ काही लिहिलं नाही, मग म्हणाली, "अंशतः घरगुती असेल तर?" अंशतःही नाही ताई, तसं स्पष्ट लिहिलंय.

त्याच्यापुढे न मिळणाऱ्या वस्तूंची यादी, एकूण ६८. सुरुवात बेबी फूडपासून. मग ब्युटी सर्व्हिस नाही, कॅरीबॅग नाही, ग्लोव्हज नाहीत, मानेचा पट्टा नाही (तो मी आदल्याच दिवशी घेतला होता), आणि बावीस नंबरला, टेलिव्हिजन चार्जेस. कंगवा आणि सपाता दुसऱ्या यादीत, त्या खोलीच्या भाड्यातच धरायच्या.

काका म्हणाले टीव्हीचं जास्त महाग पडतं ते वेगळ्याच वाटेने. समजा पाच लाखाची पॉलिसी आहे आणि खोलीला रोज एक टक्का, म्हणजे ५,०००, अशी मर्यादा आहे. तुम्ही मोठा टीव्ही आणि सोफा बघून ८,००० ची खोली घेतली, तर वरचे तीन हजार भरून सुटत नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर हे सगळंच त्याच प्रमाणात, पाच-अष्टमांश होतं, ८०,००० चे ५०,०००. दादा म्हणाले, "एवढ्यात आमच्याकडं चार टीव्ही येत्यात." मला वाटतं पॉलिसी विकताना हे एक गणित समोर बसवून सोडवून घेतलं पाहिजे, पण एजंट तेव्हा कॅलेंडर देत असतात.

मान आपली हळूहळू सुटली. कशाने ते सांगता येणार नाही, दादांच्या मते वस्तादाचं नुसतं नाव घेतल्याने, सासूबाईंच्या मते पायाने. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र मला सोफ्यावर कसे बसता ते करून दाखवायला सांगितलं, मी त्यांच्या खुर्चीत आडवा झालो, एक पाय वर, मान वाकडी, हातात मोबाईल, आणि त्यांनी फक्त "टीव्ही समोरच्या भिंतीला लावा" एवढंच लिहून दिलं. प्रिस्क्रिप्शनवर, तारखेसकट.

सुतार बोलावला तर त्याने भिंतीवर टकटक करून पंचकर्मापेक्षा मोठा आकडा सांगितला, पॅनल, वायरिंग, पुटी, रंग वेगळा. हे ग्रुपवर टाकलं. पक्याने विचारलं, डॉक्टरी चिठ्ठी आहे तर हे बसेल का रे क्लेममध्ये? दादांनी विचारलं, आन् सुतार शिडीवरनं पडला तर त्यो कुणाच्या पॉलिसीत? वरती 'जोशीकाका टायपिंग' असं दिसायला लागलं, ते काही केल्या थांबेना, तेव्हा मी फोन चार्जिंगला लावला आणि सुताराला म्हटलं, "पुटी आम्हीच मारू, बाकीचं किती होतं ते बोला."