निबार भेंडी

"वैनी, भेंडी लई निबार केलीसा."

काल सकाळी शेजारचे तात्या कंपाउंडच्या भिंतीवरून हे म्हणाले, तेव्हा त्यांच्या मुठीत माझ्या हॉलीहॉकची अकरा बोंडं होती. मोजली मी. गर्द लाल फुलांच्या एकुलत्या एक झाडाची, बियाण्यासाठी राखलेली, अजून हिरवी असलेली अकरा बोंडं. त्यातलं एक नखानं सोलून ते दाढेखाली चावत होते.

"चव न्हाई," हेही वर.

"तात्या, ती भेंडी नाही. हॉलीहॉक आहे."

"काय?"

"हॉलीहॉक."

"होळीहाक?" तात्या जरा थांबले. "म्हंजे होळीला फुलतंय म्हणून होळीहाक. बराबर हाय."

बराबर अजिबात नाही. पण आपल्याकडे ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन होळीच्या तोंडावर फुलतं हे खरं असल्यामुळे मला चटकन काही बोलता येईना. तेवढ्यात तात्यांनी पुरावे मांडायला घेतले. "पान बगा. फूल बगा. फुलाच्या मधी ह्यो दांडा बगा. आणि ह्ये बगा..." दोन बोटांत बोंड चिरडून त्यांनी बोटं लांब केली. मधे चांगली इंचभर तार. "बुळबुळीत! आता सांगा, भेंडी न्हाई तर काय हाय?"

खरा राग इथेच आहे. माणूस साफ चुकला असता तर दोन शब्द सुनावता आले असते. पण हॉलीहॉक, भेंडी, जास्वंद, कापूस, अंबाडी हे सगळं एकाच कुळातलं गणगोत. बुळबुळीत चीक हा घराण्याचाच गुण. फुलातला तो दांडा म्हणजे पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली नळी, आणि असे जुळलेले पुंकेसर असणाऱ्या झाडांचा लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात एक वेगळा वर्गच केला होता. 1753 मध्ये हॉलीहॉकचं 'अल्सिया रोझिया' हे शास्त्रीय नाव ठेवलं तेही त्यानेच. त्याला आयुष्यभराचा अभ्यास लागला, तात्यांना एक दाढ पुरली.

पण भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडायला येते. हिला सहा महिने लागतात, आणि त्या सहा महिन्यांत काय काय करावं लागतं ते भिंतीपलीकडून दिसत नाही.

पहिला घोळ वेळेचा. थंड देशांत हे द्विवर्षायू झाड. तिकडचे लोक उन्हाळ्यात बी पेरतात, पहिल्या वर्षी नुसती पानं आणि फुलं दुसऱ्या वर्षी. त्यांचे व्हिडिओ बघून इथे जूनमध्ये बी टाकलं तर जुलै-ऑगस्टच्या पावसात ते जागेवर कुजतं. कोल्हापुरात पेरायचं ते परतीचा पाऊस ओसरताना, नवरात्राच्या आसपास. थंडीत वाढतं आणि त्याच हंगामात फुलतं.

बी चपटं, कडेला कागदासारखी झालर असलेलं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. मग वर्तमानपत्राच्या गुंडाळीच्या कपात, एका कपात दोन बिया, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. कागदाचाच कप कशासाठी, तर झाडाला गाजरासारखं सोटमूळ असतं. ते दुखावलं की रोप रुसतं, म्हणून पुढे कपासकट पुरायचं. खुरप्यानं उपटून लावलेलं रोप महिनाभर तसंच बसून राहतं. जगतं, पण उपकार केल्यासारखं.

उगवायला दहा ते चौदा दिवस. इथे तात्यांची पहिली एन्ट्री. त्यांच्याकडे घट बसले त्याच दिवशी माझे कप भरले होते. पंचमीला त्र्यंबोलीच्या यात्रेहून आल्यावर ते पाहून गेले, नवमीला पुन्हा आले. त्यांच्या घटातलं धान्य वीतभर, माझे कप कोरडेठाक दिसणारे. "वैनी, तुमचा देव अजून उठला न्हाई व्हय?" म्हणाले. बाराव्या दिवशी उठला. तेव्हा मात्र बघायला कोणी नाही.

दोन्ही बिया उगवल्या तर एक रोप कात्रीनं मातीलगत कापायचं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. (हा नियम माणसांनाही लागू करावा असं काल वाटून गेलं.) कपात पाणी जास्त झालं की रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं, त्याला उपाय नाही. दोन-तीन खरी पानं आली की जागेवर लावायचं, दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर, दिवसाचं किमान सहा तास ऊन. माती हा आमच्याकडचा कायमचा वाद. शिरोळकडची काळी माती पावसात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. सोटमुळाला ती सोसत नाही. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू, आणि वाफा दीड फूट खोल खणलेला. साखर कारखान्याची मळी (उसाच्या रसातला गाळ) चालते, पण पूर्ण कुजलेली. ताजी मळी घातली तर मुळं भाजतात.

बांबू लावतानाच रोवायचा. झाड डोक्याच्या वर गेल्यावर रोवायला गेलं तर तो नेमका मुळातून आरपार जातो. बांधायचं जुन्या सुती चिंधीनं, मराठी चारच्या आकड्यासारखा पीळ देऊन, म्हणजे खोड काचत नाही.

आणि युरिया नको! तात्यांचं अख्खं आयुष्य उसात गेलं. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही झाडाला दोनच गोष्टी लागतात, युरिया आणि पाटाचं पाणी. डिसेंबरमध्ये एका सकाळी माझ्या वाफ्यात पांढरे दाणे दिसले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. महिन्याभरात सुपाएवढी लुसलुशीत पानं आली, आणि त्यांच्या पाठीवर तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके, खाली नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या. गव्हाच्या तांबेऱ्याला जीवनचक्र पूर्ण करायला दुसरं यजमान (त्याला पोसणारं) झाड लागतं. हा सगळा संसार हॉलीहॉक आणि तिच्या जवळच्या भावकीवरच करतो. लागलेली खालची पानं काढून घंटागाडीत द्यायची, कंपोस्टमध्ये नाही. पाणी पानांवर न मारता बुडाशी, तेही सकाळी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारायचं, कारण कडक उन्हात तेच गंधक पानं जाळतं. चार-चार दिवसांनी वाकून पानांच्या पाठी तपासताना माझी पाठ कुणी तपासली नाही, ते असो.

बियाण्याच्या पाकिटावर 'डबल, मिश्र रंग' छापलं होतं. आली ती बहुतेक एकेरी, धुतलेल्या रुमालाच्या रंगाची. डबलचं बी सगळंच डबल येत नाही, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, हे मान्य. पण पाकिटावरच्या चित्रात आणि वाफ्यात एवढी तफावत? दुकानदार म्हणाला, "हवामान." आपल्याकडे कशालाही हवामान.

त्या फिकट गर्दीत एकच झाड गर्द लाल आलं. सात फूट. म्हणून त्याची खालची फुलं तोडली नाहीत. हॉलीहॉक खालून वर फुलत जाते, त्यामुळे पहिलं बी बुडाशी पिकतं. बोंड पूर्ण तपकिरी होऊन वाळलं की आवरण उघडतं आणि आत चकत्या दिसतात, गोल चळत रचल्यासारख्या, एका बोंडात वीस-तीस. त्या चार दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायच्या. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. हिरवं बोंड तोडून घरात वाळवलं तर बी पोचट निघतं, उगवत नाही.

हे सगळं काल तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, उरलेली बोंडं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मग आमटीत टाका."

आता त्या झाडाच्या शेंड्याला तीन बोंडं शिल्लक आहेत. वळवाचा एखादा दणका आला तर तीही जातील. रात्री त्यांवर मलमलची पिशवी चढवून दोऱ्यानं बांधली. आज सकाळी भिंतीवरून आवाज आला.

"वैनी, कापड कशाला गुंडाळलंय? भेंडी लाजतीया व्हय?"