गेजवरचा दाब आणि बोल्टमध्ये उरणारा ताण

शटडाउनच्या (कारखाना बंद ठेवून केल्या जाणाऱ्या दुरुस्तीच्या) कामांवर जाणाऱ्या फिटर आणि सुपरवायझर मंडळींमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचे म्हणणे असे की टॉर्कच्या पान्याने आवळताना बळ घर्षणात वाया जाते, हायड्रॉलिक टेन्शनरमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबाने बोल्ट ओढून ताणणाऱ्या टूलमध्ये, तसे होत नाही, म्हणून गेजवर दिसणाऱ्या दाबाइतका ताण बोल्टमध्ये कायम राहतो. एकदा ओढावे, नट खाली बसवावा, दाब सोडावा, काम संपले. टूल बसवायला फारशी अक्कल लागत नाही, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते.

घर्षणाबद्दलचे विधान बव्हंशी खरे आहे. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने ९० टक्के भाग नटाच्या बुडाखाली आणि आट्यांमध्ये खर्च होतो, आणि वंगण बदलले की हे प्रमाणही बदलते. टेन्शनर स्टडला (डोके नसलेल्या, नटांनी आवळल्या जाणाऱ्या बोल्टला) अक्षाच्या दिशेने सरळ ओढतो, त्यामुळे ओढण्याचे बळ म्हणजे दाब गुणिले टूलचे परिणामी क्षेत्रफळ, इतका हा हिशोब सोपा असतो. हे क्षेत्रफळ टूलगणिक वेगळे असते, म्हणून नुसता ‘१००० बार’ हा आकडा टूलचा मॉडेल सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

‘ताण कायम राहतो’ हे मात्र चूक आहे. दाब असताना स्टडचा भार पुलरवर, म्हणजे स्टडला धरून ओढणाऱ्या टूलच्या भागावर असतो. दाब सोडला की तो नटावर येतो, नटाचे आटे दबतात, नट पृष्ठभागात किंचित रुततो आणि स्टडची थोडी लांबी परत जाते. ही घट भरून काढण्यासाठी वापरले जाणारे ढोबळ सूत्र असे: हव्या असलेल्या भाराला १.०१ अधिक (स्टडचा व्यास भागिले पकडीतली लांबी) या संख्येने गुणावे; पकडीतली लांबी म्हणजे दोन नटांमधली स्टडची लांबी. उदाहरणार्थ, एम३६ (३६ मिलिमीटर व्यासाच्या) स्टडमध्ये २९४ किलोन्यूटन भार शिल्लक हवा आहे आणि टूलचे क्षेत्रफळ ३००० चौरस मिलिमीटर आहे. संदेशाच्या हिशोबाने ९८० बार पुरतात. पकडीतली लांबी ३६० मिलिमीटर असेल, तर गुणक १.११ येतो आणि सुमारे १०९० बार लागतात. लांबी १२० मिलिमीटर असेल, तर गुणक १.३१ आणि दाब सुमारे १२८५ बार. दोन्ही स्टडची परत जाणारी लांबी जवळपास सारखीच, मिलिमीटरच्या सात शतांशांच्या आसपास असते. पण लांब स्टड मुळात सुमारे ०.६ मिलिमीटर ताणलेला असतो आणि आखूड स्टड जेमतेम ०.२, म्हणून तीच घट आखूड स्टडला फार महागात पडते. वाढवलेल्या दाबाला स्टडचा ताण नम्यता-मर्यादेपासून (जिच्यापुढे धातू कायमचा ताणला जातो) सुरक्षित अंतरावर राहतो ना, हेही तपासावे लागते.

एकाच ओढीत काम संपते, हेही सरसकट खरे नाही. सगळ्या स्टडवर एकाच वेळी टूल बसवता आले तर प्रश्न बराच सुटतो. पण १६ स्टडच्या फ्लँजवर (पाइपांच्या जोडाच्या कडेवर) आठच टूल असतील, तर दुसरे आठ ओढताना गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, आणखी दबते आणि आधीचे आठ सैल पडतात. म्हणूनच पहिल्या गटाला जास्त दाब व दुसऱ्याला कमी दाब दिला जातो, आणि त्यानंतर पहिल्या गटावर कमी दाबानेच तपासणीची फेरी घेतली जाते. ती फेरी वेळ वाचवण्यासाठी गाळणे मला अक्षम्य वाटते.

राहिली जोडणी. नटाच्या वर स्टड निदान एक व्यासाइतका उरलेला हवा, कारण पुलर त्याच आट्यांना धरतो. चार-पाच आट्यांवर लटकलेला पुलर आटे सोलून सुटला, तर टूल स्टडच्या रेषेत उडते. ब्रिज, म्हणजे नटाभोवती बसणारा टूलचा पाया, फ्लँजवर सपाट बसावा आणि त्याची खिडकी टॉमी बार (नट फिरवण्याची सळई) फिरवता येईल अशा बाजूला असावी. पिस्टन पूर्ण मागे गेल्याची खात्री करूनच पुलर आवळावा, नाहीतर स्ट्रोक मध्येच संपतो. कपलर (तेलाच्या होजची जोडणी) पूर्ण बसला आहे का, हे दाब देण्यापूर्वी पाहावे, आणि दाब असताना स्टडच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

भार खरोखर किती उरला हे पाहायचे असेल, तर टूल पुन्हा बसवून दाब सावकाश चढवावा. नट हाताने सुटू लागतो तो दाब, टूलच्या क्षेत्रफळाने गुणला की, उरलेल्या भाराच्या जवळचा आकडा देतो.