‘डोळे झाकून आय-सेव्हन घ्या’ म्हणणाऱ्या त्या सात नियमांविषयी

महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांकडून आला. वर ठळक अक्षरांत ‘लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा, कुणी फसवू शकणार नाही’ आणि खाली हात जोडून ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’. मधे सात नियम. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: (१) प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, आय-सेव्हन किंवा रायझन-सेव्हनच घ्या, आय-फाइव्ह म्हणजे पैसे पाण्यात. (२) रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, जितकी जास्त तितका लॅपटॉप वेगवान. (३) ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं आहे एवढंच बघा. (४) काहीच कळत नसेल तर सरळ गेमिंग लॅपटॉप घ्या. जो गेम चालवतो तो काहीही चालवतो. (५) स्क्रीन फोर-केच, म्हणजे फुल-एचडीच्या चौपट पिक्सेलची, हवी. (६) माहिती साठवायला फिरत्या चकतीची हार्ड डिस्क नको, चिपवरची एसएसडी घ्या. (७) बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा. प्लग लावून काम करू नका.

यातला सहावा नियम सोळा आणे खरा आहे. सातवा कधीकाळी दुसऱ्याच कुठल्या बॅटरीला लागू होता. उरलेल्या पाचांत प्रत्येकी थोडं तथ्य आहे, पण त्यावर विसंबून लॅपटॉप घेतला तर चांगलीच चूक होऊ शकते. आमच्या घरात कॉम्प्युटरची दुखणी माझ्याकडे येतात, त्यामुळे अशा चुका मी जवळून बघितल्या आहेत.

पहिल्या नियमापासून सुरू करते, कारण तोच सगळ्यात खोल रुजलेला आहे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलची प्रतवारी आहे खरी, पण ती एकाच पिढीच्या आणि एकाच जातीच्या प्रोसेसरांमधली. पिढी किंवा जात बदलली की तुलना कोलमडते. २०१६ मध्ये आलेला कोअर आय-सेव्हन ७५००यू घ्या. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, दोन; थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, चार. पुढच्याच वर्षी आलेल्या कोअर आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये कोअर चार आणि थ्रेड आठ. दोघेही १५ वॅटच्या वर्गातले, म्हणजे सारख्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये बसणारे. एका वर्षात धाकट्याकडे थोरल्याच्या दुप्पट कोअर! आणि एवढ्यावर भागत नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीपासून सुरू होतात. त्यामुळे तो ‘सेव्हन’ यादीबाहेर आणि तो ‘फाइव्ह’ यादीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. सेकंडहँड लॅपटॉप बघताना कुणी ‘आय-सेव्हन आहे हो’ असं अभिमानाने सांगितलं, तर आधी पिढी विचारा.

बरं, पिढी एकच असली तरी नावाच्या शेपटीला लागलेलं अक्षर बघावंच लागतं. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, साधारण १५ वॅटचा; ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचा, दणकट. बाराव्या पिढीतला आय-सेव्हन १२५५यू दहा कोअरचा दिसतो, पण त्यातले मोठे, जोरकस कोअर दोनच. बाकी आठ छोटे. त्याच पिढीच्या आय-फाइव्ह १२५००एच मध्ये मोठे चार आणि छोटे आठ. तासभर व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल तर मी डोळे झाकून नव्हे, डोळे उघडे ठेवून हा आय-फाइव्ह घेईन. दिवसभर मेल, वर्ड आणि मीटिंगा एवढंच असेल तर तो यू-वाला जास्त शहाणा, कारण बॅटरी टिकेल आणि पंखा गप्प राहील.

रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या बाजूला वेगळीच गंमत. रायझन-फाइव्ह ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही नावं शेजारी ठेवा. फरक तिसऱ्या आकड्याचा. पण तो आकडा आतला आराखडा कुठल्या पिढीचा ते सांगतो: अनुक्रमे झेन २, झेन ३ आणि झेन ४. झेन २ हा २०१९ चा आराखडा. शिवाय पहिल्यात कोअर चार आणि उरलेल्या दोघांत सहा. तिघांवरही ‘रायझन फाइव्ह, ७००० मालिका’ असंच छापलेलं. हे ग्राहकाला समजावं म्हणून केलेलं नामकरण आहे यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आणि मुळात ‘आय’च आता मावळतीला लागला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कोअर अल्ट्रा आले, तेव्हापासून इंटेलने नव्या नावांतून तो काढायला घेतला. आता ‘कोअर ७’ वेगळा आणि ‘कोअर अल्ट्रा ७’ वेगळा. नियम पाठवणाऱ्याला याचा पत्ता दिसत नाही.

रॅमच्या नियमाला उत्तर तुमच्याच लॅपटॉपमध्ये आहे. रोजचं सगळं उघडा: ब्राउझरचे वीस टॅब, एक्सेल, मीटिंगचं अॅप, गाणी. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’. ‘इन यूज’ खाली जो आकडा दिसतो ती तुमची गरज. माझ्या वहिनीकडे तो सव्वानऊ जीबी होता. तिला ८ जीबी नक्कीच कमी पडले असते, १६ जीबीत ती आरामात आहे आणि ३२ केले असते तर वेगात तिला काडीचाही फरक जाणवला नसता. रॅम कमी पडली की लॅपटॉप रखडतो. पुरेशी झाल्यावर वरची नुसती रिकामी पडून राहते.

त्याच पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ असते. वहिनीच्या लॅपटॉपवर तिथे ‘१ ऑफ २’ होतं. म्हणजे १६ जीबीची एकच पट्टी. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती ने-आण करते, दोन पट्ट्या मिळून ५१.२. वर्ड-एक्सेलला याचं काही देणंघेणं नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि मग ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्यांवर तोच गेम स्पष्टपणे जास्त सुरळीत चालतो. आकडा दोन्हीकडे १६ च. उलट बाजूही सांगते: एक स्लॉट रिकामा असणं वाईट नाही, पुढे वाढवता येतं. वाढवता येत नाही ते बोर्डवरच सोल्डर केलेल्या रॅमच्या बाबतीत. बरेच पातळ, हलके लॅपटॉप आणि आजचे सगळे मॅकबुक असेच असतात. तिथे मात्र पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून घेतानाच जास्त रॅम घ्यावी. नियम लिहायचाच होता तर हा लिहायला हवा होता.

आता ग्राफिक्स कार्ड. गेम खेळणारी मुलं या नियमाला हसतील, पण त्यांचे आईवडील तोच वाचून पैसे मोजतात. लॅपटॉपमधली एनव्हिडिया आरटीएक्स ४०६० आठ जीबीची आणि आरटीएक्स ४०७० सुद्धा आठ जीबीचीच. आत गणित करणारे कूडा कोअर मात्र एकीत ३०७२ आणि दुसरीत ४६०८. जीबीचा आकडा हा फरक दाखवतच नाही. ती झाली कार्डाची स्वतःची मेमरी; ताकद वेगळी.

याहून मोठी मेख वॅटमध्ये आहे. लॅपटॉपमधली ४०६० ही ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा बनवणाऱ्याला असते. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तिथे वॅट कमी ठेवतात. नाव तेच, स्टिकर तोच, जीबीही तेवढेच. पण गेममध्ये दोन लॅपटॉपांत डोळ्यांना दिसेल इतका फरक. इतका की हात बांधलेली ४०७० आणि मोकळी सोडलेली ४०६० यांतलं अंतर पुसलंही जाऊ शकतं. कंपनीच्या तपशिलाच्या पानावर ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ असा शब्द शोधा. सापडला नाही, तर का सापडला नाही हा प्रश्न स्वतःला विचारा.

डेस्कटॉपशी नाव जुळलं म्हणून फसू नका, हेही इथेच सांगून टाकते. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कूडा कोअर आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ आणि १६ जीबी. ती चिपच दुसरी आहे.

मेसेजच्या बाजूने एवढं म्हणेन की जीबी अगदीच निरर्थक नाहीत. चार जीबीच्या कार्डावर नवे गेम अडखळतात, कारण चित्रांचे तपशील मावत नाहीत. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांना तर जीबीच आधी बघावे लागतात. पण ‘एवढंच बघा’ हे चूक.

चौथा नियम ऐकायला सगळ्यात सोयीचा आहे. माझी एक मैत्रीण भाषांतरकार आहे. बैठकांमध्ये दुभाषाचं कामही करते. तिने या सल्ल्याबरहुकूम गेमिंग लॅपटॉप घेतला. साधारण अडीच किलोचा लॅपटॉप आणि वर विटेएवढा चार्जर. पहिल्या आठवड्यात तिने खांद्याची पिशवी बदलून पाठीवरची घेतली. दुसऱ्या आठवड्यात एका ऑनलाइन बैठकीत समोरच्याने विचारलं, ‘तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का?’ पंखा होता तो. तिचा लॅपटॉप वाईट नाही. तिच्या कामाला तो चुकीचा आहे, इतकंच.

बॅटरीचं गणितही मांडून बघा. विमानात बरोबर नेण्यासाठी परवानगी न काढता चालणारी बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंतची, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही त्याच्या किंचित खाली थांबते. समजा ९० वॅट-अवरची बॅटरी आहे आणि गेम खेळताना लॅपटॉप १८० वॅट ओढतोय. अर्धा तास. एवढी वीज एकदम पुरवणं बॅटरीला झेपतही नाही, म्हणून प्लग काढला की ग्राफिक्स कार्ड आपोआप हात आखडतं. म्हणजे तो गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीचा असतो तो फक्त भिंतीजवळ.

‘काहीही चालवतो’ हे व्हिडिओ एडिटिंग, थ्री-डी, सॉलिडवर्क्स किंवा रेव्हिट अशी डिझाइनची सॉफ्टवेअरं यांच्यापुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. (ही शेवटची दोन विंडोजवरच चालतात, मॅक घेण्याआधी आपलं सॉफ्टवेअर त्यावर आहे का हे न बघणारे लोक मला दरवर्षी भेटतात.) पण फोटोचं काम असेल तर सावध. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपांत १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी, स्क्रीन देतात आणि रंगांत काटकसर करतात. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं की समजा, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटातले साधारण तृतीयांश रंग ती दाखवूच शकत नाही. लाल गुलाब विटकरी दिसेल.

तिथून फोर-केवर यायला वेळ लागत नाही. १५.६ इंचांच्या स्क्रीनवर फुल-एचडी म्हणजे इंचाला १४१ पिक्सेल, फोर-के म्हणजे २८२. हातभर अंतरावरून अक्षरं थोडी धारदार दिसतात, हे मान्य. बदल्यात चौपट पिक्सेल रंगवायला लागतात, बॅटरी लवकर उतरते आणि गेमचा दम निघतो. त्याऐवजी उजेड बघा, तो निट्समध्ये मोजतात: २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ आरशासारखी वागते, ४०० ची बरी. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी १९२० बाय १२०० ची उभट स्क्रीन घ्यावी. फुल-एचडीपेक्षा १२० ओळी पिक्सेल जास्त, म्हणजे पानावर मजकुराच्या दोन-चार ओळी जास्त. मी याला चटावले आहे.

एसएसडीबद्दल वाद नाही. फक्त सेकंदाला साडेपाचशे एमबीची साधी एसएसडी आणि सात हजारांची महागडी एसएसडी यांत रोजच्या कामात फरक शोधत बसू नका. हार्ड डिस्कवरून यापैकी कशावरही आलात की काम झालं.

बॅटरी पूर्ण उतरवण्याचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम-आयन बॅटऱ्या सोनीने बाजारात आणल्या १९९१ मध्ये, आणि त्यांना शून्यापर्यंत नेणं उलट बाधतं. त्यांचे खरे शत्रू दोन: उष्णता, आणि सतत शंभर टक्के भरून राहणं. बहुतेक लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू करा आणि खुशाल प्लग लावून बसा.

मेसेज पाठवणाऱ्या पाच जणांत आमचे मामा होते. मी हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, ‘अगं, ते राहू दे. मी कुठला घेऊ ते सांग.’ मी विचारलं, आत्ता करता काय त्यावर? मेल, हिशेबाची एक्सेल शीट, नातवाशी व्हिडिओ कॉल, आणि अक्षरं मोठी करून वर्तमानपत्र. चालू व्हायला चार मिनिटं लागतात, म्हणून नवा हवा. त्यांना टास्क मॅनेजर उघडायला लावला. प्रोसेसर: आय-फाइव्ह ८२५०यू. रॅम ८ जीबी, वापरात साडेपाच. आणि डिस्कच्या नावापुढे ‘एचडीडी’.

‘मामा, नवा घेऊ नका. याच्यात एसएसडी बसवून घ्या. विंडोज ११ पण चालेल.’

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, ‘पण हा आय-सेव्हन नाहीये ना.’